रीडिंग ‘बसवताय’? जरा थांबा!

खरं सांगा, तुमच्या जर्नलमधली किती रीडिंग्ज तुम्ही स्वतः घेतली आहेत? हात वर करायला सांगत नाहीये, मनातल्या मनातच उत्तर द्या. बारावीच्या फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला पेंड्युलमची वीस ऑसिलेशन्स मोजताना बाराव्यालाच कंटाळा आला होता ना? मग ‘जी’ची किंमत ९८० च्या आसपास यायलाच हवी म्हणून आधी उत्तर लिहिलं आणि वरचा तक्ता नंतर भरला. आपल्याकडे या कलेला एक झकास शब्द आहे. रीडिंग ‘बसवणं’.

मी मास कॉमची. माझा आणि इंजिनीअरिंगच्या लॅबचा काही संबंध यायचं कारण नव्हतं. पण माझी रूममेट सिव्हिलच्या फायनल इयरला आहे आणि यंदा जानेवारीपासून आमच्या फ्लॅटवर सिमेंट या एकाच विषयाचं राज्य होतं. तिच्या ग्रुपचा प्रोजेक्ट होता, काँक्रीटमधलं थोडं सिमेंट काढून त्याजागी बगॅसची राख घालायची. बगॅस म्हणजे उसाचा रस काढून उरलेलं चिपाड. साखर कारखाना ते बॉयलरमध्ये जाळतो आणि मागे ढिगाने राख उरते. रूममेट सांगलीकडची. तिने गावाजवळच्या कारखान्यातून दोन पोती राख मिळवली आणि एसटीने पुण्याला आणली. ‘ताई, पोत्यात काय आहे?’ या कंडक्टरच्या प्रश्नावर तिने ‘राख’ असं उत्तर दिलं, तेव्हा गाडीत एकदम शांतता पसरली म्हणे.

आयडिया चांगली होती. सिमेंट तयार करताना कार्बन डायऑक्साइड भरपूर बाहेर पडतो, शिवाय सिमेंट महाग. राख मात्र कारखान्यालाही नकोच असते. त्या राखेत सिलिका असते. सिमेंट आणि पाणी एकत्र आले की काही प्रमाणात चुना सुटतो आणि ही सिलिका हळूहळू त्याच्याशी रिॲक्शन करून सिमेंटसारखाच चिकटवणारा पदार्थ तयार करते. यावर भरपूर पेपर आहेत. त्यातल्या बऱ्याच पेपरांत ग्राफ सारखाच दिसतो. राख थोडी वाढवली की ताकद वाढते, दहा टक्क्यांच्या आसपास टोक येतं आणि मग ग्राफ खाली येतो. माझ्या रूममेटच्या ग्रुपनेही तो ग्राफ आधीच मनात काढून ठेवला होता.

मग क्यूब फुटायचा दिवस आला. मी मुद्दाम बघायला गेले. पंधरा सेंटीमीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच असा काँक्रीटचा ठोकळा, वजन साधारण आठ किलो. अठ्ठावीस दिवस पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवलेला. तो ओला ठोकळा मशीनच्या दोन पोलादी प्लेट्समध्ये ठेवतात आणि लोड वाढवत नेतात. काँक्रीट ‘एम २५’ असेल, तर दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन इतका दाब त्याने सोसायला हवा. म्हणजे त्या एका ठोकळ्यावर सुमारे ५७ टन! आधी काहीच होत नाही. मग बारीक ‘टक्’ असा आवाज येतो, कडेने कपच्या उडतात आणि काटा मागे फिरतो. काट्याने गाठलेला सगळ्यात मोठा आकडा हे तुमचं रीडिंग. अठ्ठावीस दिवसांची वाट, आणि निकाल दोन-तीन मिनिटांत.

साध्या काँक्रीटचे क्यूब पास झाले. पाच टक्केवाले जेमतेम तेवढेच आले. आणि ज्यांनी टोक गाठायचं होतं, ते दहा टक्केवाले तिन्ही क्यूब सपशेल खाली. लॅबमध्ये कोणी बोलेना. मग ग्रुपमधला एक जण म्हणाला, ‘टेन्शन नको. पेपरमधला ट्रेंड आहे ना, तसं बसवून टाकू.’ लॅबमधले काका टेबल पुसत होते. वर न बघताच म्हणाले, ‘मागच्या वर्षीच्यांनी पण तेच केलं.’

हसू नका, कारण पुढची गोष्ट माझी आहे. सेकंड इयरला आम्हाला ‘तरुणांच्या वाचनाच्या सवयी’ या विषयावर शंभर जणांचा सर्व्हे करायचा होता. मी साठ जणांना खरोखर भेटले. उरलेले चाळीस फॉर्म सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलच्या खोलीत बसून मीच भरले. वेगवेगळ्या पेनांनी भरले, इतकी अक्कल होती. पाय चार्ट सुंदर आला, मार्कही चांगले मिळाले. आजतागायत हे कोणाला सांगितलं नव्हतं. तेव्हा मी उंचावर उभी राहून तुम्हाला उपदेश करतेय, असं समजू नका. आपण एकाच बाकावर बसलोय.

पण त्या रात्री रूममेट झोपली नाही. तिने ग्रुपची रफ वही काढली. फेअर नव्हे, सिमेंटच्या बोटांचे ठसे असलेली रफ. दहा टक्क्यांच्या बॅचच्या पानावर कोपऱ्यात एक ओळ सापडली, ‘मिक्स खूप घट्ट, थोडं पाणी वाढवलं.’ किती, ते लिहिलेलं नव्हतं. बस्स, चोर सापडला! राख बॉयलरमधून जशी आली तशीच वापरली होती. तिच्यात अर्धवट जळलेले काळे कण होते आणि असे कण पाणी शोषून घेतात. मिक्स हलेना म्हणून कोणीतरी मग भरून पाणी ओतलं. काँक्रीटमध्ये सिमेंटच्या प्रमाणात पाणी वाढलं की ताकद घटते, हे डफ अब्राम्स या संशोधकाने १९१८ मध्येच असंख्य प्रयोग करून मांडलं होतं. सिव्हिलवाले हे सेकंड इयरला शिकतात, परीक्षेत लिहितात आणि लॅबमध्ये पाणी ओततात.

आता विचार करा, त्यांनी रीडिंग बसवलं असतं तर काय झालं असतं? ग्राफ छान आला असता. पुढच्या वर्षी कोणीतरी तो रिपोर्ट बघून ‘दहा टक्के राख उत्तम’ असं आपल्या रिपोर्टमध्ये लिहिलं असतं. त्यांचे क्यूब फुटले असते तर त्यांनीही ‘ट्रेंड’ बघून आकडे बसवले असते. आणि प्रत्येक कारखान्याची राख वेगळी असते, ती चाळावी किंवा दळावी लागते, पाण्याकडे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं, ही खरी कामाची माहिती कोणाच्याच रिपोर्टमध्ये आली नसती. ‘फेल’ गेलेले ते तीन क्यूब हाच त्या प्रोजेक्टचा खरा रिझल्ट होता!

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? प्रत्येक क्यूब थोडा इकडेतिकडे येतोच, आपण फक्त जरा सरळ करून लिहितो. मलाही हेच वाटायचं. पण याच ‘इकडेतिकडे’वर अख्खी इमारत उभी असते, हे मला रूममेटने कागदावर समजावून दिलं. समजा, तीन क्यूबची उत्तरं २४, २९ आणि ३१ आली. सरासरी २८. आपल्या भारतीय मानकात म्हटलंय की एकेका क्यूबचा आकडा सरासरीपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त दूर नको. म्हणजे फरक पडणार हे मानक गृहीतच धरतं. त्यापुढे जाऊन ते विचारतं, तुमचे आकडे एकमेकांपासून किती विखुरलेत? जितका विखुरलेपणा जास्त, तितकी जास्त ताकद धरून मिक्स डिझाइन करायचं. ‘एम २५’ हवं असेल तर २५ चं नाही, सुमारे ३१.६ चं काँक्रीट डिझाइन करतात. मधला हा ६.६ चा फरक कुठून येतो? प्रमाण विचलन ४ धरून, त्याला १.६५ ने गुणून. शंभरातले पाचच्या वर निकाल २५ च्या खाली जाऊ नयेत, म्हणून ठेवलेलं हे अंतर आहे.

आता त्याच्या जागी २८, २८.२, २७.९ असे गोंडस आकडे लिहा बरं! सरासरी तीच राहिली, पण कागदावर तुमचं काम एकदम काटेकोर दिसायला लागलं. असे तीसेक निकाल जमले की त्यावरून विचलन काढतात आणि पुढचं मिक्स त्यावर ठरतं. विचलन खोटं निघालं, तर ते राखीव अंतर कमी होतं. म्हणजे तुम्ही नुसता आकडा सरळ केला नाहीत, कोणाच्या तरी डोक्यावरच्या स्लॅबची सुरक्षितता कातरलीत.

आणि मेकॅनिकलवाल्यांनो, गालातल्या गालात हसू नका, तुमच्याकडे यापेक्षा मोठी गोष्ट आहे. ‘कॉमेट’ हे ब्रिटनचं विमान. १९५२ मध्ये प्रवासी सेवेत आलेलं जगातलं पहिलं जेट विमान. १९५४ मध्ये जानेवारीत आणि एप्रिलमध्ये अशी दोन कॉमेट विमानं हवेतच फुटून भूमध्य समुद्रात पडली. मग फार्नबरोच्या संशोधन केंद्रात एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत बसवलं. आत पाणी भरून दाब द्यायचा, सोडायचा, पुन्हा द्यायचा. एक वेळ दाब म्हणजे जणू एक उड्डाण. आधीची खरी उड्डाणं आणि टाकीतली नकली, अशी मिळून ३,०५७ झाली आणि केबिनचा पत्रा खिडकीसाठी कापलेल्या भागाच्या कोपऱ्याजवळून फाटला. धातूचं ‘फटीग’. एकदा वाकवल्यावर न तुटणारी तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते ना, तेच.

पण यातला खरा धक्का पुढे आहे. कंपनीने केबिनची टेस्ट केलीच नव्हती, असं नाही. केबिनच्या एका भागाने टेस्टमध्ये १६ हजारांहून जास्त वेळा दाब सोसला होता. मग ३,०५७ लाच कसा फाटला? कारण कंपनीने टेस्टसाठी वापरलेल्या तुकड्यावर आधी एक वेगळी चाचणी झाली होती, नेहमीच्या दुप्पट दाबाची. त्या जादा दाबाने भोकांच्या कडेचा धातू किंचित ताणला गेला आणि उलट फटीगसाठी जास्त कणखर झाला. नेहमीच्या विमानांचं असं झालं नव्हतं. त्या टेस्टमध्ये कोणी आकडा बनवला नव्हता, रीडिंग शंभर टक्के खरं होतं. फक्त तुकड्याचा इतिहास हिशेबात धरला गेला नाही. इथे प्रामाणिक रीडिंगसुद्धा एवढं फसवू शकतं, तिथे आपण बसवलेल्या रीडिंगवर कोण विसंबणार?

तो झाला परदेशातला, सत्तर वर्षांपूर्वीचा किस्सा. आपल्या जवळचं आठवायचं, तर १४ मार्च २०१९ ची संध्याकाळ. मुंबईत सीएसएमटीजवळचा हिमालय पूल ऐन गर्दीच्या वेळी कोसळला. सात जणांचा जीव गेला. त्या पुलाचं स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं होतं आणि त्यात तो किरकोळ दुरुस्ती करून वापरायला योग्य ठरवला होता. हे ऑडिट निष्काळजीपणे झालं, असं महापालिकेच्या प्राथमिक चौकशीत म्हटलं गेलं. कोणी आकडे बनवले, असा आरोप मी करत नाहीये, तो माझा अधिकारही नाही. मला एवढंच म्हणायचंय की रिपोर्टवर ‘योग्य’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा त्या शब्दावर पाय ठेवून माणसं चालतात. त्यांनी तो रिपोर्ट कधी वाचलेला नसतो. आणि तो शब्द लिहिणारा माणूस कधीतरी तुमच्या-माझ्यासारखाच लॅबमध्ये वही घेऊन उभा होता. बसवायची सवय डिग्री मिळाल्याच्या दिवशी आपोआप सुटते, असं खरंच वाटतं तुम्हाला?

आता तुमची बाजू. ती खोटी नाहीये. साठ मुलांमागे मशीन एक, तेही वर्षातले काही महिने ‘मेंटेनन्स’मध्ये. सिमेंटच्या गोण्यांचे पैसे खिशातून. क्यूबला अठ्ठावीस दिवस लागतात, राखेसारख्या हळू काम करणाऱ्या गोष्टीला नव्वद दिवस द्यायला हवेत, पण सबमिशनची तारीख त्यासाठी थांबत नाही. एक्स्टर्नल येतात, स्पायरल बाइंडिंग उलटतात, ग्राफ बघतात आणि विचारतात, ‘रिझल्ट पॉझिटिव्ह आहे ना?’ ‘नाही सर, फेल गेला’ म्हणणाऱ्याला मार्क कमी आणि बसवणाऱ्याला शाबासकी, असं असेल तर मुलं काय शिकणार? जे शिकवलं जातंय तेच!

म्हणून माझा पहिला राग मुलांवर नाही, या मार्कांच्या पद्धतीवर आहे. रिझल्ट कसा आला याला मार्क देणं बंद करा आणि तो तसा का आला, हे सांगण्याला मार्क द्या. रिपोर्टला रफ वहीची पानं जोडणं सक्तीचं करा. प्रत्येक रीडिंगच्या वेळी मशीनच्या डायलचा तारखेसकट फोटो काढा, फोन तर प्रत्येकाच्या हातात असतोच. प्रोजेक्टचं कास्टिंग सातव्या सेमिस्टरलाच सुरू करू द्या, म्हणजे नव्वद दिवस मिळतील. आणि डिपार्टमेंटच्या लायब्ररीत एक कप्पा फसलेल्या प्रोजेक्ट्सचा ठेवा. माझी पैज आहे, सगळ्यात जास्त वाचला जाणारा कप्पा तोच असेल. यातल्या कशालाच नवी इमारत लागत नाही, निधीही लागत नाही.

पण पद्धत बदलेपर्यंत आपण बसवत राहायचं का? इथे माझा दुसरा राग येतो, तो आपल्यावर. तुमच्या वहीतलं रीडिंग वाईट आलं, तर कारण शोधायला किती मजा आहे हे एकदा करून बघा. क्यूब मशीनमध्ये ठेवताना थापीने सपाट केलेली खडबडीत बाजू वर आली होती का? ती बाजूला यायला हवी, नाहीतर दाब नीट पसरत नाही. लोड घाईने वाढवला का? घाई केली की आकडा उगाच जास्त येतो. क्यूब पाण्यातून काढून वाळवला होता का? कोरडा क्यूब ओल्यापेक्षा जास्त ताकद दाखवतो. हे सगळं शोधण्यात तुम्ही जेवढं शिकाल, तेवढं ‘टोक दहा टक्क्यांना’ या ओळीने कधीच शिकणार नाही. व्हायवातही याच गोष्टी ठामपणे बोलता येतात, कारण त्या तुमच्या असतात. बसवलेल्या रीडिंगवर दुसरा प्रश्न आला की घाम फुटतो.

माझ्या रूममेटच्या ग्रुपचं पुढे काय झालं? दोन रात्री भांडण झालं. मग त्यांनी आलेले आकडे आले तसे लिहायचं ठरवलं, ‘पाणी वाढवल्याची नोंद अपुरी’ हे वाक्यही लिहिलं. मार्चच्या सुरुवातीला राख चाळून, पाणी मोजून दहा टक्क्यांची बॅच पुन्हा केली. या वेळी सहा क्यूब. अठ्ठावीस दिवसांनी तीन फोडले. पहिल्यापेक्षा बरेच चांगले आले, तरी साध्या काँक्रीटच्या थोडे खालीच. तेही तसंच लिहिलं. शेजारच्या ग्रुपचा ग्राफ पेपरमधल्यासारखा होता, त्यांना यांच्यापेक्षा चार मार्क जास्त मिळाले. हे सांगायचं मी टाळू शकले असते, पण मग मीही बसवल्यासारखंच झालं असतं.

उरलेले तीन क्यूब अजून पाण्यात आहेत. सबमिशन झालं, व्हायवा झाली, ग्रुपमधले दोघं गावी गेले. त्या तीन क्यूबना आता कोणी मार्क देणार नाही. लॅबमधल्या काकांनी मात्र टाकीतून काढले नाहीत. त्यांच्यावरचा रंगाने लिहिलेला नंबर पुसट झाला होता, तो त्यांनी स्वतःच गिरवून ठेवला आणि रूममेटला म्हणाले, ‘नव्वद दिवस भरले की ये पोरी, फोडून बघू. आपल्याला कळायला तर हवं.’

जूनच्या पहिल्या आठवड्यात नव्वद दिवस भरतायत. मीही जाणार आहे.